आजीचं चौथं पान

डोळे मिटा आणि कल्पना करा, असं सांगायची पद्धत आहे. पण डोळे मिटले तर पुढचं वाचणार कोण? तेव्हा मुलांनो, डोळे उघडेच ठेवा आणि कल्पना करा.

तुम्ही दहा वर्षांचे आहात. सकाळचे आठ वाजले आहेत. स्वयंपाकघरात तुमच्यापुढे दुधाचा पेला ठेवला आहे आणि दुधावर साय धरायला लागली आहे. तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे. घरात दुसऱ्या कुणालाही ती ठाऊक नाही. अकराच्या आत ती सांगायला हवी. सांगितली, तर घरातली माणसं तुमच्याकडे कुठल्या नजरेनं बघतील कुणास ठाऊक. नाही सांगितली, तर एका म्हाताऱ्या बाईंचं असं नुकसान होईल, की ते पुन्हा भरून यायचं नाही.

काय कराल? ठरत नसेल, तर तुम्ही आता मुंगीच्या खुर्चीवर बसला आहात.

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी पाय ठरत नाही म्हणून आजीनं पाडलेलं. ती आई, आजी आणि आजोबांबरोबर चर्चला लागून असलेल्या घरात राहायची. आजोबा ल्यूथरन मंडळीचे, म्हणजे त्या चर्चच्या लोकांचे, पाळक होते. आई दवाखान्यात परिचारिका. आणि आजी चार दिवसांपूर्वी वारली होती. आज अकरा वाजता चर्चमध्ये तिच्या निरोपाची उपासना होती.

गावात तिला कुणी पाळकीणबाई म्हणत, पण बरेच जण नुसतं ‘बाई’ म्हणत, कारण तिनं अडतीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला होता. डॉक्टर, पोस्टमन, बसचा ड्रायव्हर, सगळे तिच्याच हाताखाली अक्षरं गिरवून मोठे झालेले. ती रस्त्यात समोरून आली, की केस पिकलेली माणसंसुद्धा सायकलवरून खाली उतरत आणि हात पाठीमागे लपवत. नखं वाढलेली दिसली तर काय घ्या!

आता त्या मंडळीतली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. साठी उलटली, की प्रत्येकानं आपल्या आयुष्याची हकिकत आपणच लिहायची. तिला ‘जीवनपत्र’ म्हणत. खाली सही करायची, पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि पाळकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवायला द्यायचं. माणूस गेला, की निरोपाच्या उपासनेत पाळक ते पाकीट सगळ्यांसमोर फोडत आणि वाचून दाखवत. त्याआधी कुणी फोडायचं नाही. पाळकांनीही नाही.

रीत चांगली होती, पण लिहायचं म्हटलं की लोकांना घाम फुटे. मग ते येत बाईंकडे. आजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळी पेन्सिल घेऊन बसे, कच्चं लिखाण तपासे, नको ते खोडे आणि पक्कं लिहून देई. तिचा नियम एकच होता. तीन पानं. त्यापुढे एक ओळ नाही.

“आयुष्य कितीही लांब असू दे,” ती म्हणे, “चहा गार व्हायच्या आत ते संपलं पाहिजे.”

आजोबांची प्रवचनंसुद्धा तिच्या पेन्सिलीतून सुटत नसत. दर शनिवारी दुपारी ते मुकाट्यानं कागद आणून टेबलावर ठेवत. एकदा मुंगीनं समासात बघितलं, तर तिथं लिहिलं होतं, ‘इथे मंडळी झोपेल.’ आणि आजोबांनी तो भाग खरंच काढून टाकला होता.

तर अशी ही आजी. तिचं स्वतःचं जीवनपत्र मात्र राहून गेलं होतं. शेवटी शेवटी तिचे हात थरथरायला लागले आणि डोळ्यांना माणसांचे नुसते आकार दिसायला लागले. दोन महिन्यांपूर्वी एक दिवस तिनं मुंगीला हाक मारली.

“मुंगे, तुझं अक्षर कसं आहे गं?”

“तूच तर म्हणतेस चांगलं आहे म्हणून.”

“मी म्हणते ते जाऊ दे. तुला काय वाटतं?”

“चांगलं आहे.”

“मग बस. आणि पाय हलवू नकोस, टेबल हलतं.”

आठवडाभर, रोज शाळा सुटली की, आजी सांगे आणि मुंगी लिही. पहिल्या पानावर आजी लग्न होऊन या घरात आली. सोबत एक ट्रंक. सासूबाईंना वाटलं, आत कपडे असतील. निघाल्या चौदा पाट्या आणि एक डबाभर बटणं. बटणं कशाला, तर मुलांना बेरीज शिकवायला. दुसऱ्या पानावर शाळा होती. पहिल्या दिवशी त्रेचाळीस मुलं आणि एकच बाक. ‘त्या बाकावर मी कुणालाच बसू दिलं नाही. सगळे जमिनीवर, मीही जमिनीवर. बाकावर आम्ही डबे ठेवले.’ तिसऱ्या पानावर घर आणि मंडळी. पाळकाच्या बायकोनं पेटी वाजवावी अशी सगळ्यांची अपेक्षा होती आणि आजीला सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ‘मंडळीनं मला सात वर्षांनी माफ केलं. पेटी वाजवायला दुसरं कुणीतरी मिळालं म्हणून.’

मुंगी हसून हसून बेजार झाली. मग आजी म्हणाली, “लिही. माझा एक मुलगा तीन दिवसांचा होऊन गेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते माझ्याजवळ आहे.”

मुंगीनं लिहिलं. तिचे पाय आपोआप थांबले होते.

“झाली तीन पानं,” ती म्हणाली. “आता सही.”

“नाही. अजून एक आहे.”

“पण तुझा नियम?”

“नियम मीच केला, आता मीच मोडते. घे नवा कागद. हे पान शेवटी येऊ दे. लोकांच्या लक्षात शेवटचंच राहतं.”

आणि आजीनं चौथं पान सांगितलं. ते असं होतं.

गावात एक घड्याळजी होता. त्याच गल्लीत त्याची धाकटी बहीण राहायची. ती लोकांचे कपडे इस्त्री करून देई, म्हणून सगळी मुलं तिला इस्त्रीवाल्या मावशी म्हणत. भाऊबहीण दोघंही मंडळीतलेच. घड्याळजी चाळिशीत दुसऱ्या गावी कामाला असताना त्यांची आई वारली. बहिणीनं त्याला निरोपच धाडला नव्हता. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो चर्चमध्ये भर उपासनेत उभा राहिला आणि बहिणीला नको नको ते बोलला. तिनं तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही. त्यानंतर बावीस वर्षं तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. समोरून आली की रस्ता ओलांडून जाई.

म्हातारपणी घड्याळजीनं आपलं जीवनपत्र लिहून बाईंकडे आणलं. सात पानं. त्यातलं एक अख्खं पान एका भिंतीवरच्या घड्याळाबद्दल. आजीनं निळी पेन्सिल उचलली. घड्याळ गेलं. प्रवासाचं वर्णन गेलं. आणि त्याबरोबर बहिणीबद्दलचा भागही गेला, कारण आजीला वाटलं, घरातली भांडणं उपासनेत कशाला?

“हे तुम्ही तिला घरी जाऊन सांगा,” आजी त्याला म्हणाली होती.

तो काहीतरी बोलायला गेला. मग म्हणाला, “बरं बाई.” ज्यांच्यापुढे अख्खं गाव हात पाठीमागे लपवतं, त्यांच्याशी कोण वाद घालणार?

तीन महिन्यांनी घड्याळजी दुकानातच बसल्या बसल्या गेला. बहिणीच्या घरी तो गेलाच नव्हता. उपासनेत मावशी पहिल्या बाकावर येऊन बसल्या. पान उलटलं की त्या मान वर करत. तीन पानं संपली आणि त्यात त्यांचं नावही नव्हतं. उपासनेनंतरच्या चहाला न थांबता त्या निघून गेल्या.

“मी ते बघितलं,” आजीनं सांगितलं आणि मुंगीनं लिहिलं. “त्यांचं वाट बघणं मी बघितलं, आणि त्याच क्षणी मला कळलं मी काय केलं ते. अकरा वर्षं झाली. दर गुरुवारी कपडे घेऊन मी त्यांच्या दारात जाते. आज सांगायचं असं ठरवून जाते आणि इस्त्रीचे कपडे घेऊन परत येते. मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि मला मात्र धीर झाला नाही. घड्याळजींनी लिहिलेले शब्द मला पाठ आहेत. ते आज इथे वाचावेत.”

आणि तिनं ते शब्द सांगितले. चारच वाक्यं. मुंगीनं तीही लिहिली.

आता नीट ऐका, कारण मुंगीची चूक इथेच आहे.

पक्की प्रत करताना मुंगी चौथ्या पानाशी आली आणि थांबली. पहिली तीन पानं वाचून लोक हसणार होते, रडणार होते, म्हणणार होते, काय आमच्या बाई! आणि मग शेवटी हे? डॉक्टर, पोस्टमन, ड्रायव्हर, सगळे ऐकणार की बाई चुकल्या आणि अकरा वर्षं मूग गिळून बसल्या. लोकांच्या लक्षात शेवटचंच राहतं. आजीच तर म्हणाली होती.

शिवाय नियम तीन पानांचा होता.

मुंगीनं तीन पानांची पक्की प्रत केली आणि कच्चे कागद फाडून चुलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, “वाच बघू सगळं.”

मुंगीनं तीन पानं वाचली. मग जणू हातात चौथा कागद आहे अशा थाटात चौथं पानही पाठ म्हणून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आजीला नुसते आकार दिसत होते. तिनं डोळे मिटून ऐकलं. मुंगीनं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली, आणि कितीतरी वर्षांचं ओझं उतरवावं तशी ती खुर्चीत मागं टेकली.

“आता काही झालं तरी चालेल,” ती म्हणाली.

तेव्हापासून मुंगीला रात्री नीट झोप नव्हती. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत दोन महिने गेले. मग एका सकाळी आजी उठलीच नाही.

तर अशी ती दुधाच्या पेल्यापुढे बसली होती.

आई एका हातानं केस बांधत दुसऱ्या हातानं कपाटात काहीतरी शोधत होती. तिचे डोळे सुजले होते.

“आई.”

“दूध पी.”

“आई, एखाद्यानं एक गोष्ट केली आणि…”

“मुंगे, तुझे काळे मोजे कुठेत? दोन्ही? एकच आहे इथे. देवा, चाळीस खुर्च्या मी एका तासात मांडल्या आणि या पोरीचा एक मोजा मला सापडत नाही!”

“आई, मी आजीला…”

आईनं वळून बघितलं. मुंगीच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, ती जवळ आली आणि तिनं मुंगीचं डोकं पोटाशी धरलं.

“मलाही आठवण येतेय गं,” ती म्हणाली. “पण आत्ता रडायला लागलो ना, तर अकरापर्यंत उठणारच नाही. जा, आजोबांना बघ. ते एकटेच तिकडे गेलेत.”

झालं. मुंगीला सांगायचं होतं एक आणि आईनं ऐकलं भलतंच. मुंगी एक काळा आणि एक करडा मोजा घालून अंगण ओलांडून गेली.

आजोबा चर्चच्या मागच्या लहान खोलीत होते. काळा झगा अंगावर, पण गळ्याची पांढरी पट्टी हातातच. रोज ती आजी बांधून देई. मुंगीनं स्टुलावर चढून ती बांधली.

“तुझे हात थंड आहेत.”

“आजोबा, जीवनपत्र उपासनेच्या आधी फोडलं तर काय होतं?”

“काही होत नाही. पण फोडत नाहीत.”

“पण त्यात काही चुकलं असेल तर?”

“कुणाच्या? बाईंच्या?” आजोबा चार दिवसांत पहिल्यांदा हसले. “अगं, जिनं माझ्या चाळीस वर्षांच्या चुका काढल्या, तिच्या कागदात चूक? आणि लिहिलं तर तू आहेस. ती मला म्हणाली, मुंगीनं एकही अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.”

मुंगीच्या कानात घंटेसारखं घण घण व्हायला लागलं.

आजोबांनी किल्ली फिरवली आणि कपाटातून पाकीट काढलं. तळहातावर ठेवून ते जरा वेळ बघत राहिले.

“शेवटच्या आठवड्यात ती किती शांत होती, बघितलंस? मी विचारलं, इतकं कसलं समाधान? म्हणाली, आता ते माझ्या हातातून गेलं. काय गेलं ते काही सांगेना. तुला माहितेय?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं मुंगीचं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात दार वाजलं आणि पेटी वाजवणारे काका आत डोकावले. कुठलं गीत आधी घ्यायचं, आणि दुसरं कडवं गाळायचं का?

“काही गाळू नका,” आजोबा म्हणाले. “आज काहीच गाळायचं नाही.”

मुंगी तिथून पळाली.

बाहेर दाराशी लोक जमायला लागले होते. वारा सुटला होता आणि सगळे आपापल्या टोप्या धरून उभे होते. पोस्टमन काका भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. पायऱ्यांवर इस्त्रीवाल्या मावशी एक एक पायरी चढत होत्या, एका हातात काठी, दुसऱ्यात कापडी पिशवी. त्यांच्या कोटाला एक सुरकुती नव्हती.

“अगं मुंगे, दे बाई हात. या पायऱ्या वर्षागणिक वाढतात की काय?”

मुंगीनं हात दिला.

“मी उपासनेनंतर लगेच निघणार हो. दुपारच्या बसनं. भाचीकडे राहायला चालले, कायमची. इस्त्री उचलवत नाही आता, मनगटं गेली. सामान कालच धाडलं.” त्या दम खायला थांबल्या. “खरं तर मी परवाच जाणार होते. पण तुझ्या आजीला शब्द दिला होता.”

“कसला शब्द?”

“अगं, शेवटच्या गुरुवारी आली ना कपडे घेऊन, तू होतीस की तिला धरायला. तू बाहेर मांजराशी खेळत होतीस. मला म्हणाली, माझ्या निरोपाला याल ना? म्हटलं, बाई, आधी मीच जाईन. तर म्हणाली, चेष्टा नको. याल ना? आणि पुढे बसा. अगदी पुढे.” मावशींनी मान हलवली. “मी त्या दिवसानंतर पुढे कधी बसले नव्हते. भावाच्या वेळेनंतर. पण बाईंना नाही कसं म्हणणार? म्हटलं, बसेन.”

“मावशी,” मुंगी म्हणाली. “मला तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्या भावानं…”

मावशींचा हात तिच्या हातातून सुटला. चेहरा दार लावून घ्यावा तसा बंद झाला.

“त्याचं नाव नको काढूस आज,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यानं मला जे म्हणायचं ते या इथे, सगळ्यांसमोर म्हटलं. मग आता कानात येऊन सांगण्यासारखं काय राहिलंय?”

आणि काठी टेकत त्या आत गेल्या, थेट पहिल्या बाकाकडे.

मुंगी तिथेच उभी राहिली. तिच्या डोक्यात आता एक गोष्ट लख्ख झाली होती. घड्याळजीनं बहिणीच्या घरी जाऊन का सांगितलं नाही, ते तिला कळलं. अपमान सगळ्यांसमोर झाला होता, तेव्हा कानात सांगून भागणार नव्हतं. आजीला हे कळायला मावशींची वाट बघणारी मान दिसावी लागली. मग तिनं ते सगळ्यांसमोर वाचलं जावं म्हणून चौथं पान सांगितलं. आणि ते पान मुंगीनं चुलीत घातलं होतं.

घंटा झाली. आईनं येऊन तिला खांद्याला धरून आत नेलं. त्या दोघी पहिल्याच बाकावर बसल्या, मावशींच्या पलीकडच्या टोकाला.

गीत झालं. मग सगळ्यांनी उभं राहून पापांगीकार, म्हणजे ‘आम्ही चुकलो’ ही प्रार्थना, म्हटला. मुंगीला तो झोपेतही येत असे, दर रविवारी म्हणायची. आज ‘आम्ही’ या शब्दापाशीच तिची जीभ अडकली. आजूबाजूचे आवाज पुढं निघून गेले.

आजोबा व्यासपीठावर चढले. त्यांनी पाकीट सगळ्यांना दाखवलं, चिकटवलेलं, न फोडलेलं, आणि मग फोडलं. कागदाचा तो बारीक आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

“तीन पानं,” ते म्हणाले. “अर्थातच.”

लोक हसले. रडवेलं हसू, पण हसू. मुंगीनं बाकाची कड घट्ट धरली.

आजोबा वाचायला लागले. पाट्यांची ट्रंक आली, बटणांचा डबा आला. बटणांवरची बेरीज आली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “मी त्यांवरच शिकलो!” आणि डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला. पहिलं पान संपलं. आजोबांनी ते खाली ठेवलं. मावशींची मान वर झाली.

मुंगीनं ते बघितलं.

दुसरं पान संपलं. मावशींची मान पुन्हा वर झाली. त्यांचं त्यांनाही कळत नसावं. हातातल्या पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

तिसरं पान. पेटी न येणारी पाळकीण. लोक हसले. मग तीन दिवसांचा मुलगा. आजोबांचा आवाज थांबला. आईनं मुंगीचा हात शोधून धरला. मग आजोबांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि पार केलं.

आता दोनच ओळी उरल्या होत्या. मुंगीला त्या पाठ होत्या. एक ओळ उरली. मुंगीच्या मनात आलं, आजोबांना खोकला यावा. दिवे जावेत. छप्पर पडावं, काहीही व्हावं. काहीही झालं नाही. आजोबांनी सही वाचली, कागद एकावर एक ठेवले आणि चष्मा काढला.

मावशी अजून त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान खाली घातली, पिशवीचा बंद मनगटावर चढवला आणि काठी जवळ ओढली. चहाला न थांबणाऱ्या माणसाची तयारी होती ती.

“उभे राहून प्रार्थना…” आजोबा म्हणाले.

“थांबा.”

ते मुंगीच म्हणाली होती. आवाज तिचाच होता, पण तिला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. आईनं तिची बाही ओढली. “अगं ए, बस खाली!”

“आजोबा, आजीनं चार पानं सांगितली होती. मी तीनच लिहिली.” “तिनं वाचायला सांगितलं तेव्हा मी चारही म्हणून दाखवली. तिला वाटलं सगळं आत आहे. चौथं पान मी जाळलं. त्यात आजीची चूक होती आणि ती कुणाला कळू नये म्हणून जाळलं.”

आजोबांचा चष्मा त्यांच्या हातात होता आणि तो ते नुसताच धरून होते. त्यांचं तोंड रागावलेलं आहे की रडवेलं, हे मुंगीला कळेना. तिला ते बघायचंही नव्हतं. ती बाकापुढून चालत दुसऱ्या टोकाला गेली आणि मावशींसमोर उभी राहिली.

“मावशी, तुमच्या भावाच्या जीवनपत्रात तुम्ही होता. आजीनं ते खोडलं. तीन पानांत बसेना म्हणून, आणि घरातली गोष्ट उपासनेत नको म्हणून. मग तुम्ही वाट बघताना तिला दिसलात. दर गुरुवारी ती तेच सांगायला यायची आणि तिला धीर व्हायचा नाही.”

मावशींनी काठी घट्ट धरली.

“काय लिहिलं होतं?” त्यांनी विचारलं.

मुंगी शब्दन्‌शब्द म्हणायला लागली.

“माझ्या बहिणीनं मला बोलावलं नाही, कारण आईनंच तिला तसं बजावलं होतं, माझं काम बुडू नये म्हणून. हे मला कळलं तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती, आणि मग मला लाज वाटली, म्हणून मी आणखी बारा वर्षं बोललो नाही. ती एकटी आईजवळ होती आणि मी तिला या चर्चमध्ये सगळ्यांदेखत वाईट म्हटलं. तेव्हा मी चुकलो, हेही इथे सगळ्यांदेखत वाचावं.”

मावशींनी काठी बाकाला टेकवून ठेवली. पिशवी मनगटावरून काढून शेजारी ठेवली. आजोबा खाली उतरून आले होते आणि दोन पावलांवर थांबले होते.

मावशींनी मागं वळून बघितलं, त्या भरलेल्या बाकांकडे, त्या चेहऱ्यांकडे, ज्यांच्यातले म्हातारे तेव्हा तरुण होते आणि तेव्हाही इथेच बसले होते. मग त्या मुंगीकडे वळल्या.

“मला ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “आता मागच्यांना येईल असं सांग.”

मुंगीनं आजोबांकडे बघितलं. ते बाजूला सरकले. मग ती वळली, त्या तीनेकशे लोकांकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिनं ती चार वाक्यं पुन्हा, पहिल्या शब्दापासून, मोठ्यानं म्हटली.